कान्हेरी वाचायची तर पाण्यापासून

मार्च संपत आला होता. आत्याला घेऊन कान्हेरीला गेले होते. आत्या ७२ वर्षांची, राहते नौपाड्यात, माहेर मुरबाडकडचं. पायऱ्या चढताना ती मधे मधे टेकत होती, पण वर जायचं नाही असं काही म्हणाली नाही. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीतल्या प्रचंड बुद्धमूर्तीपुढे तिने हात जोडले, खांबांवरून हात फिरवला, आणि बाहेर येऊन सावलीत बसल्यावर विचारलं, "अगं, इतकी माणसं इथे राहायची म्हणतेस, मग पाणी कुठून भरायची?"

मला राजांची नावं माहीत होती, शतकं माहीत होती, हा प्रश्न मात्र कधी पडला नव्हता. आत्याचं लहानपण डोक्यावर हंडा घेऊन गेलं, त्यामुळे तिला तो सगळ्यात आधी पडला. त्या दिवसापासून मला कोणी कान्हेरीबद्दल विचारलं की मी पाण्यापासूनच सुरुवात करते. मूर्तींपासून सुरुवात केली तर हे ठिकाण फक्त सुंदर दिसतं. पाण्यापासून सुरुवात केली तर इथे माणसं कशी राहत होती, त्यांचा खर्च कोण करत होतं आणि आपल्या ठाणे-कल्याणशी याचा काय संबंध, हे सगळं एकामागून एक उलगडत जातं.

आधी जागा नीट समजून घेऊ. ठाण्यात राहणाऱ्याला येऊरचा डोंगर घरचाच वाटतो. कान्हेरी त्याच डोंगरांच्या पलीकडच्या अंगाला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. सरळ रेषेत मोजलं तर फार लांब नाही, पण मधे तुळशी तलाव आणि बिबट्याचं जंगल. मनात आलं आणि जंगलातून चालत निघालो, असं करता येत नाही. म्हणून आपण घोडबंदर रोडने सगळा वळसा घालून बोरिवलीच्या दारातून आत शिरतो, आणि तेवढ्यामुळे कान्हेरी म्हणजे मुंबईचं ठिकाण अशी आपली समजूत होऊन बसली आहे. पण हे डोंगर ज्या साष्टी बेटावर आहेत, त्याच बेटाच्या पूर्वेच्या काठावर ठाणं वसलेलं आहे. खाडी ओलांडून वर गेलं की कल्याण. कान्हेरीच्या जुन्या लेखांमध्ये पुन्हा पुन्हा येणारं गाव कुठलं, तर हेच कल्याण.

इथे शंभराहून जास्त लेणी आहेत. एका ओढ्याच्या दोन्ही अंगांना, डोंगराच्या उतारावर, एकावर एक थर लागल्यासारखी. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास खोदकाम सुरू झालं आणि पुढे जवळजवळ हजार वर्षं इथे वस्ती राहिली. महाराष्ट्रात एका डोंगरावर इतकी लेणी दुसरीकडे सापडणं अवघड. अजिंठ्यात ३० च्या आसपास, वेरुळात ज्यांना आपण क्रमांक देतो ती ३४. कान्हेरीची बरीचशी लेणी त्या मानाने लहान आणि साधी आहेत, म्हणून तिचं नाव मागे पडतं. मला वाटतं, हा आपल्याकडून झालेला अन्याय आहे. अजिंठा हा ठेवा आहे, तर कान्हेरी हे गाव होतं, आणि गाव बघायची नजर वेगळी लागते.

नावही साधंच आहे. कृष्णगिरी म्हणजे काळा डोंगर. प्राकृतात त्याचं कण्हगिरी, कण्हसेल, आणि बोलता बोलता कान्हेरी.

आता दोन-तीन शब्द. बौद्ध लेणं म्हटलं की आपण त्याला देऊळ समजून आत देव शोधायला लागतो. इथे मुळात दोन प्रकारच्या जागा होत्या. विहार म्हणजे भिक्षूंचं राहायचं ठिकाण: एक ओसरी, आत एखादी खोली, कधी मोठं दालन आणि त्याच्या बाजूंना लहान खोल्या. चैत्यगृह म्हणजे सगळ्यांनी मिळून वंदन करायची जागा, आणि त्यात वंदन करायचं ते स्तूपाला. स्तूप म्हणजे उपड्या ठेवलेल्या वाडग्यासारखा घुमट, वर चौकोनी हर्मिका आणि तिच्यावर छत्र. बुद्धाच्या किंवा थोर भिक्षूंच्या अवशेषांवर मातीचा, विटांचा ढिगारा उभारायची जी पद्धत होती, तिचंच हे रूप. लेण्यातला स्तूप मात्र अखंड दगडात कोरलेला. कान्हेरीत शंभरातली बहुतेक लेणी विहार आहेत. म्हणजे हा राहता डोंगर होता.

भिक्षूंनी एका जागी राहायचं नाही, चालत राहायचं, असा मूळ दंडक. पण पावसाळ्याचे महिने फिरता येत नाही. वाटा बंद, नद्यांना पूर, आणि पायाखाली जीवजंतू, कोवळी रोपं चिरडली जाणार. म्हणून त्या महिन्यांत एका ठिकाणी थांबायचं, याला वर्षावास म्हणतात. कोकणातला पाऊस आपल्याला सांगायला नको. साष्टीच्या डोंगरात चार महिने जे कोसळतं, त्याच्यापासून आडोसा देणारी जागा म्हणजे दगडात खोदलेली खोली. हळूहळू तो चार महिन्यांचा आडोसा बारा महिन्यांचं वसतिस्थान झाला. आणि तिथेच आत्याचा प्रश्न उभा राहिला. जूनमध्ये पाणी अंगावर येतं, पण मार्चमध्ये काय?

पोढी

याचं उत्तर जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दारात आहे. ओसरीच्या पायऱ्या चढायच्या आधी, अंगणाच्या एका कडेला, खडकात चौकोनी तोंड दिसतं. आत डोकावलं तर काळोख, आणि बऱ्याच ठिकाणी खाली पाण्याची चकाकी. ही पोढी. हा शब्द आजच्या अभ्यासकांनी बनवलेला नाही, शिलालेखांतच तो 'पानियपोढी' असा येतो. लेणं दान दिलं तर लेख सांगतो: लेणं आणि पोढी. घराच्या कागदावर घर आणि विहीर अशी नोंद असावी, तशी.

पोढीचं तोंड लहान असतं, पोट मोठं. खडक आतल्या आत पोखरत नेलेला असतो, कधी ओसरीच्या खालीसुद्धा. तोंड लहान का, हे उन्हाळ्यात तिथे उभं राहिलं की कळतं. उघडं तळं असतं तर निम्मं पाणी उन्हाने उडून गेलं असतं. सावलीत, दगडाच्या पोटात ते गार राहतं आणि टिकतं. आत्या एका पोढीपाशी वाकून बसली आणि तोंडाच्या कडेने बोट फिरवत गेली. चारी बाजूंनी दगडात आखीव खाच होती. "इथे फळी बसायची," ती म्हणाली. "आमच्या रांजणावर असायची तशी. पाला पडू नये म्हणून." मी त्या कडा आधी कितीतरी वेळा ओलांडून गेले होते.

मग वर बघायचं. लेण्याच्या दर्शनी भागाच्या वर, डोंगराच्या उतारावर, खडकात पन्हळी कोरलेल्या आहेत. वरून वाहत येणारं पाणी दारावर धबाधबा पडू नये, बाजूला वळावं आणि पोढीत जावं, असा तो हिशोब. एका लेण्याची पोढी, मग पुढच्या लेण्याची, असं उतारभर. ओढ्याच्या वरच्या अंगाला पाणी अडवण्यासाठी घातलेल्या बंधाऱ्याचे अवशेषही आहेत. म्हणजे घरगुती टाकी वेगळी आणि सगळ्या वस्तीसाठीचा साठा वेगळा, अशी दुहेरी सोय होती. भिक्षूजवळ असायच्या त्या मोजक्या आठ वस्तूंत एक पाणी गाळायचं फडकं असायचं. पाण्यातला जीव पोटात जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

एकोणिसाव्या शतकात मुंबईला पाणी कमी पडायला लागलं, तेव्हा इंग्रजांनी धरणं बांधायला जागा निवडली ती याच डोंगरांतली. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. हा डोंगर पाणी धरतो, हे ओळखायला त्यांच्या आधी १७०० वर्षं कोणीतरी इथे छिन्नी घेऊन बसलं होतं.

सगळ्यात हृद्य लेख एका पोढीवरच आहे. बाकीचे बहुतेक जुने लेख प्राकृतात आहेत, हा संस्कृतात. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाच्या राणीचा उल्लेख आहे. ती कार्दमक या शक राजघराण्यातली, महाक्षत्रपाची म्हणजे तिथल्या राजाची मुलगी. वडिलांच्या नावातलं 'रु' एवढंच अक्षर शाबूत आहे, आणि अभ्यासक ते रुद्रदामन असं वाचतात. तिच्याशी संबंधित सतेरक नावाच्या अमात्याने ही पाण्याची टाकी दान दिली. आता रुद्रदामनाचा स्वतःचा प्रसिद्ध लेख जुनागढला आहे, साधारण इसवी सन १५० चा. त्यात तो म्हणतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण जवळचं नातं असल्यामुळे त्याचा नाश केला नाही. ते नातं कोणतं, याचं उत्तर बहुधा कान्हेरीच्या या पोढीवर लिहिलेलं आहे. आणि जुनागढचा तो लेख आहे कशाबद्दल? फुटलेला सुदर्शन तलाव पुन्हा बांधल्याबद्दल. बापाच्या लेखात तलाव, लेकीच्या लेखात पोढी.

पैसा कुठून यायचा

शंभर लेणी खोदायला पाथरवट लागतात, त्यांना मजुरी लागते, आणि खोदून झाल्यावर आत राहणाऱ्यांना अन्नवस्त्र लागतं. भिक्षू तर पैसा कमवत नाहीत. राजांनी दिला असेल, असं आपल्याला सहज वाटतं. कान्हेरीचे लेख वाचले तर वेगळंच चित्र दिसतं. दान देणाऱ्यांत कल्याणचा सोनार आहे, कल्याणचा लोहार आहे, व्यापारी आहेत, कोठाराचा अधिकारी आहे, भिक्षुणी आहेत, आणि कुटुंबातल्या बायका आपल्या नावाने दान देतायत. गावं येतात ती कल्याण, सोपारा, चेमूल म्हणजे आपलं चौल, नाशिक. लोकलच्या इंडिकेटरवर रोज दिसणारी कल्याण, नालासोपारा ही नावं १८०० वर्षांपूर्वीच्या दगडावर वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

या गावांचा धागा एकच, व्यापार. सोपारा आणि कल्याण ही बंदरं. परदेशी जहाजं माल घेऊन यायची, तो माल बैलांवर लादून नाणेघाट चढून जुन्नर, तिथून पैठणकडे जायचा. नाणेघाटात तो दगडी रांजण अजून आहे, जकातीचा म्हणून ओळखतात तो. मुरबाडच्या माणसाला ही वाट वेगळी सांगावी लागत नाही. बंदर आणि घाट यांच्या आसपास पैसा खेळत होता, आणि त्याच पट्ट्यात लेणी खोदली गेली. व्यापाऱ्याला विहाराचा आधार वाटायचा, विहाराला व्यापाऱ्याचा.

दान देण्याची रीत फार हुशारीची होती. एकदाच मोठी रक्कम द्यायची आणि ती खर्च करायची नाही. ती कारागिरांच्या श्रेणीकडे, म्हणजे आजच्या भाषेत पतपेढीसारख्या व्यवस्थेकडे ठेवायची आणि फक्त व्याज वापरायचं. याला अक्षयनीवी म्हणायचे, कधी न संपणारी ठेव. कान्हेरीच्या लेखांत अशा ठेवी आहेत, भिक्षूंच्या चीवरांसाठी म्हणजे वस्त्रांसाठी, पायातल्या वहाणांसाठीसुद्धा. जमिनीही दान दिल्या जायच्या. एका लेखातलं मंगलस्थान हे गाव म्हणजे आजचं बोरिवलीतलं मागाठाणे.

व्याजाचा नेमका आकडा हवा असेल तर नाशिकच्या पांडवलेण्यात जावं. नहपान राजाचा जावई उषवदात याने तिथे हिशोबच कोरून ठेवलाय. ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेव. त्यातले २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ दराने. उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेचं वर्षाचं व्याज होतं २४०, आणि लेख म्हणतो की वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. दगडावर कोरलेला हा ताळेबंद आजही जुळतो. कान्हेरीचा संसारही अशाच ठेवींवर चालत होता.

तिसरं लेणं

आता मुख्य चैत्याकडे येऊ. क्रमांक ३. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला, दुसऱ्या शतकाच्या शेवटाचा. दोन व्यापारी भावांनी तो करवून घेतला आणि भद्रयानीय नावाच्या बौद्ध परंपरेच्या आचार्यांना अर्पण केला.

लेणं बांधत नाहीत, ते खोदतात, आणि म्हणून ते वरून खाली येतं. बांधकामात आधी पाया, शेवटी छप्पर. इथे आधी कडा तासून सरळ करायचा, मग छताच्या पातळीला आत शिरायचं, छत पूर्ण करायचं आणि मग जमिनीकडे उतरत यायचं. उंच ठिकाणी काम करायला परांची बांधावी लागत नाही, कारण उभं राहायला खालचा दगड असतोच. पण चुकीला माफी नाही. विटेची भिंत पाडून पुन्हा बांधता येते, खांबाचा टवका उडाला तर तो कायमचा गेला.

आत गेलं की घोड्याच्या नालेसारखं दालन दिसतं: पुढे सरळ, मागचं टोक गोल, आणि त्या गोलाईत स्तूप. लांबी सुमारे २६ मीटर. दोन्ही बाजूंना आणि स्तूपामागून वळत गेलेली खांबांची रांग, एकूण ३४ खांब. खांब आणि भिंत यांच्यामध्ये बोळ, त्यातून स्तूपाला प्रदक्षिणा घालायची. वरचं छत कमानीसारखं गोल. इथे लाकडी फासळ्या बसवलेल्या होत्या. कार्ल्याच्या चैत्यात मूळ लाकूड आजही वर बघता येतं, कान्हेरीत ते गेलं, छताला खुणा उरल्या.

दगडाच्या लेण्यात लाकडाच्या फासळ्या कशाला? छताला त्यांच्या आधाराची काहीच गरज नव्हती. कारण असं की त्याआधीची चैत्यगृहं लाकडाची बांधलेली असत, आणि लोकांच्या डोळ्यांना पवित्र जागा तशीच दिसायची सवय होती. दगडात उतरवताना त्यांनी ते रूप जसंच्या तसं आणलं. ओसरीवर कमानीची खिडकी, लाकडी कठड्यासारखी कोरलेली वेदिका, सगळं सुतारकामाची नक्कल. लेखांत पाथरवटासाठी येणारा एक शब्द मला फार आवडतो: सेलवढकि. वढकि म्हणजे सुतार. सेलवढकि म्हणजे दगडाचा सुतार. कार्ल्याच्या दर्शनी भागावर तर धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराचंच नाव कोरलेलं आहे.

कान्हेरीच्या चैत्यात एक गोष्ट मात्र कार्ल्यात नाही, आणि ती मला कार्ल्याच्या सौंदर्याहून जास्त जवळची वाटते. खांबांकडे एकेक करून बघत चला. काही खांबांना खाली घटासारखी बैठक, वर शीर्ष, शीर्षावर हत्ती, माणसं, स्तूपाची पूजा. एका शीर्षावर हत्ती सोंडेत घडे धरून स्तूपावर पाणी घालतायत. आणि मग पुढचे खांब एकदम साधे, नुसते अष्टकोनी, वर काहीच नाही. काम थांबलं. पैसे संपले, मालक बदलले, राज्य बदललं, काय झालं ते दगड सांगत नाही. पण तरीही लोक त्या अपुऱ्या चैत्यात वंदन करत राहिले. शेजारचं पहिलं लेणं तर याहून अपुरं, दोन जाडजूड खांब उभे करून सोडून दिलेलं. तिथे खोदकाम कसं चालायचं ते उघड्यावर दिसतं, म्हणून मुलांना आधी तिथेच न्यावं.

ओसरीत समोरासमोर उभ्या असलेल्या दोन बुद्धमूर्ती, प्रत्येकी सुमारे ७ मीटर उंच, उजवा हात खाली सोडलेला, तळवा आपल्याकडे, वर देणारा. आत्याने हात जोडले ते यांनाच. या मूर्ती मूळ चैत्याच्या वेळच्या नाहीत. चैत्य खोदला तेव्हा स्तूपच पुरेसा होता. तीन-साडेतीनशे वर्षांनी, पाचव्या-सहाव्या शतकात, बुद्धाचं मानवी रूप पूजेच्या मध्यभागी आलं आणि जुन्या ओसरीच्या भिंतींत हे दोन उंच बुद्ध कोरले गेले. एकाच ओसरीत दोन काळ एकमेकांकडे बघत उभे आहेत. दर्शनी भिंतीवरची ठसठशीत, दागिने ल्यालेली जोडपी मात्र आधीची, कार्ल्याच्या जोडप्यांची भावंडं.

मदतीला धावणारा

पाचव्या शतकानंतर कान्हेरीच्या भिंती मूर्तींनी भरायला लागल्या. त्यात मला थांबवणारी मूर्ती ९० व्या लेण्यातली. मधे अवलोकितेश्वर उभा, करुणेचा बोधिसत्त्व. त्याच्या दोन्ही बाजूंना लहान लहान चौकटी, आणि प्रत्येकीत कोणीतरी संकटात सापडलेलं: हत्ती, सिंह, साप, आग, चोर, बेडी, आणि एक बुडणारं जहाज. माणूस हात जोडून हाक मारतो आणि तो धावून येतो. ही संकटं आठवून बघा, ती नेमकी प्रवासी व्यापाऱ्याची आहेत. घाटात चोर, रानात जनावर, समुद्रात वादळ. कल्याण-सोपाऱ्याहून निघणाऱ्या माणसाला रात्री झोपेत जे दिसत असेल, ते इथे दगडात आहे. ४१ व्या लेण्यात हाच अवलोकितेश्वर अकरा मस्तकांचा आहे, सगळ्या दिशांना एकाच वेळी बघणारा. भारतातल्या लेण्यांत असं शिल्प दुसरीकडे दिसत नाही.

दूरदूरहून माणसं येत होती. १८३९ साली चैत्यासमोरचा एक स्तूप डॉ. जेम्स बर्ड यांनी उकरला, त्यात तांब्याची भांडी आणि ताम्रपट निघाले. एका ताम्रपटावर त्रैकूटक काळगणनेचं वर्ष २४५, म्हणजे इसवी सन ४९४-९५, आणि कृष्णगिरीच्या महाविहारात चैत्य उभारणारा माणूस कुठला, तर सिंधचा, नाव बुद्धरुची. वरच्या अंगाला ८७ क्रमांकाच्या ठिकाणी लांबलचक कपारीत विटांच्या पडक्या स्तूपांची रांग आहे, इथे वारलेल्या थोर भिक्षूंची. १९७० च्या दशकात तिथे त्यांच्या नावांचे छोटे दगडी लेख सापडले. तिथे फारसं कोणी जात नाही. दमलेले लोक दरबारी लेण्यावरूनच परततात.

ते दरबारी लेणं म्हणजे क्रमांक ११. दरबाराशी त्याचा काही संबंध नाही. लांबट दालन, मधोमध बुटके दगडी ओटे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दोन्ही बाजूंनी भिक्षू बसून एकत्र पाठ करत असतील किंवा पंगत बसत असेल. अशी रचना वेरुळच्या ५ व्या लेण्यात आहे. त्यापलीकडे याच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, जे आहे ते कान्हेरीतल्या नवव्या शतकातल्या लेखांत. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आणि त्याचे मांडलिक, उत्तर कोकणचे शिलाहार. शिलाहार पुल्लशक्तीचा लेख शक ७६५, म्हणजे इसवी सन ८४३. दुसऱ्या कपर्दीच्या काळचे दोन, शक ७७५ आणि शक ७९९. ठाणेकरांना शिलाहारांची ओळख करून द्यायला नको. आपलं श्रीस्थानक, म्हणजे ठाणं, त्यांच्याच काळात नावारूपाला आलं, अंबरनाथचं शिवमंदिर १०६० साली त्यांनीच उभारलं. ते शिवभक्त होते, आणि त्यांच्या राज्यात, त्यांच्या मंत्र्याच्या हातून या बौद्ध विहाराला देणगी मिळत होती. पुल्लशक्तीच्या लेखात खर्चाची वाटणी आहे: पूजेला इतके, विहाराच्या डागडुजीला इतके, वस्त्रांना इतके, आणि पुस्तकांनाही काही. कपर्दीच्या काळी गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेला अविघ्नाकर नावाचा उपासक भिक्षूंसाठी ध्यानाची दालनं करवतो आणि १०० द्रम्मांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ठेव ठेवतो. ७०० वर्षं लोटली, राजे बदलले, प्राकृताची संस्कृत झाली, पण रीत तीच: मुद्दल ठेवा, व्याज वापरा.

आणि मग अकराव्या शतकाच्या उंबरठ्यावर एक वेगळीच लिपी येते. ९० व्या लेण्यात, त्याच जहाज बुडणाऱ्या शिल्पाच्या लेण्यात, पहलवी अक्षरं कोरलेली आहेत. इराणहून आलेल्या झरथुष्ट्री लोकांची. इसवी सन १००९ मध्ये एक मंडळी आली, पुन्हा १०२१ मध्ये आणखी काही. त्यांनी कोणतं दान दिलं नाही, काही मागितलं नाही. तारीख घातली आणि आपली नावं लिहिली, बापाच्या नावासकट.

त्यानंतर लेख थांबतात. १५३४ मध्ये वसईच्या तहाने साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, तोवर विहाराचे भरभराटीचे दिवस केव्हाच सरले होते. पोढ्या मात्र भरत राहिल्या, कारण पन्हळी शाबूत होत्या.

यंदा सप्टेंबरात आत्याने स्वतःहून विषय काढला. सोमवारी उद्यान बंद असतं, म्हणून मंगळवारी निघालो. पाऊस नुकताच थांबला होता, ओढा वाजत होता, पायऱ्यांना शेवाळ होतं म्हणून तिला हाताला धरून नेलं. त्या खाचेच्या पोढीपाशी ती बरोबर जाऊन थांबली. पाणी काठाला लागलं होतं. वरच्या पन्हळीतून अजून एक बारीक धार येत होती, भिंतीला चिकटून, आवाज न करता पोढीत उतरणारी. आत्याने खाली बसून ओंजळ भरली, तोंडावरून फिरवली आणि म्हणाली, "गार आहे गं."